संशयिताचा विश्वास : खुनाच्या तपासातील चौकशी, कायदा आणि मर्यादा

खुनाच्या गुन्ह्यातील संशयिताने पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली भारतातील न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ कायम असलेला हा नियम चौकशीच्या खोलीत काय घडावे आणि काय घडू नये, हे ठरवतो. तपास अधिकाऱ्याला न्यायालयापुढे ठेवता येते ती संशयिताची कबुली नव्हे, तर त्याने दिलेल्या माहितीतून हाती लागलेली वस्तू आणि त्या माहितीचा तेवढाच भाग. त्यामुळे संशयिताला भयभीत करण्यापेक्षा त्याला बोलते करणे तपासाच्या दृष्टीने अधिक उपयोगी ठरते. मात्र मिळवलेल्या विश्वासालाही कायद्याची आणि सत्याची सीमा असते.

मद्रास इलाख्यातील मुळे

या नियमाच्या इतिहासात तमिळनाडूला महत्त्वाचे स्थान आहे. तंजावर जिल्हा आणि त्यातील कुंभकोणम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मद्रास इलाख्यात मोडत होते. या इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि गुन्ह्यांच्या कबुलीसाठी रयतेचा छळ केला जातो, अशा तक्रारी ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचल्यानंतर 1854मध्ये चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगाचा अहवाल 1855मध्ये सादर झाला. अल्प मुदतीत आयोगापुढे आलेल्या तक्रारींची संख्या दोन हजारांच्या घरात होती. बोटे लाकडी चापात दाबण्याचा ‘किट्टी’ नावाचा प्रकार, तसेच माणसाला वाकवून बांधून तासन्‌तास तसेच ठेवण्याचा प्रकार यांची नोंद अहवालात आहे. महसूल आणि पोलीस ही दोन्ही कामे त्या काळी बहुतांशी एकाच कर्मचारीवर्गाकडे होती. वसुलीसाठी वापरले जाणारे उपायच गुन्ह्याच्या कबुलीसाठीही वापरले जात होते.

या अहवालानंतर मद्रास इलाख्यासाठी 1859मध्ये स्वतंत्र पोलीस कायदा झाला. पोलिसांपुढील कबुली अग्राह्य ठरवणारी तरतूद 1861च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि पुढे 1872च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 व 26मध्ये कायम झाली. कबुलीच पुरावा होणार नसेल तर ती उकळण्याचे कारणही उरणार नाही, असा या तरतुदीमागील विचार होता.

1 जुलै 2024पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले तरी मूळ तत्त्व तेच आहे. प्रलोभन, धमकी, बळजबरी किंवा आश्वासन यांमुळे दिलेली कबुली नव्या अधिनियमाच्या कलम 22नुसार अग्राह्य आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर किंवा पोलीस कोठडीत असताना दिलेल्या कबुलीविषयीची तरतूद कलम 23मध्ये आहे. कबुली पुरावा म्हणून नोंदवायची असल्यास ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183खाली दंडाधिकाऱ्यांपुढे द्यावी लागते. कबुली देणे बंधनकारक नाही आणि दिल्यास ती विरुद्ध वापरली जाऊ शकते, हे दंडाधिकाऱ्यांनी आधी समजावून सांगणे आवश्यक असते. कबुली स्वेच्छेने दिली जात असल्याची खात्री झाल्यावरच ती नोंदवली जाते.

माहिती आणि वस्तू यांतील दुवा

कलम 23ला एक अपवाद जोडलेला आहे. पूर्वी तो पुरावा कायद्याच्या कलम 27मध्ये होता. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी बाब उघडकीस आली, तर त्या माहितीचा जेवढा भाग या शोधाशी थेट संबंधित असेल तेवढाच सिद्ध करता येतो. त्याचा अर्थ ठरवणारा निवाडाही मद्रास इलाख्यातीलच एका खून खटल्यातून आला. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धच्या पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1946मध्ये हा अर्थ स्पष्ट केला. आरोपीने घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून दिला, तर शोध लागतो तो सुऱ्याचा नव्हे. सुरा तेथे लपवलेला आहे आणि आरोपीला ते ठाऊक आहे, या बाबीचा तो शोध असतो. ‘याच सुऱ्याने मी खून केला’ हे पुढचे वाक्य मात्र पुराव्यात येत नाही.

आजही खुनाच्या तपासात हीच पद्धत चालते. आरोपीचे निवेदन दोन पंचांसमक्ष नोंदवले जाते. त्यानंतर आरोपी पोलीस व पंचांना घेऊन त्या जागी जातो, लपवलेले हत्यार, कपडे किंवा मुद्देमाल काढून देतो आणि जप्तीचा पंचनामा होतो. वस्तू नंतर न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवल्या जातात. हत्यार सर्वांना दिसेल अशा जागी पडलेले असेल, किंवा पोलिसांना ते आधीच ठाऊक असेल, तर या शोधाचे मोल उरत नाही. खुनी आणि तपास अधिकारी यांच्या संभाषणात खरे महत्त्व असते ते केवळ गुन्हेगारालाच ठाऊक असलेल्या तपशिलाला.

ही माहिती मारहाणीतून मिळवली तर काय, या प्रश्नाचे उत्तर 1961च्या मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या निवाड्यात मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, कोठडीत असणे म्हणजे आपोआप सक्ती होत नाही. मात्र सक्तीने माहिती वदवून घेतल्याचे सिद्ध झाल्यास, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही या राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3)मधील हमीचा भंग होतो. म्हणजेच मारहाणीने कबुली निरुपयोगी होतेच, शिवाय हाती लागलेला खरा पुरावाही धोक्यात येतो.

मुंबई, 1968

संशयिताला बोलते करण्याचे महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण रमण राघव प्रकरणाचे आहे. 1965-66मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांमध्ये झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले झाले. 19 जणांवर हल्ला झाला आणि त्यांपैकी 9 जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी याच परिसरात फिरताना आढळलेल्या रमण राघवला ताब्यात घेण्यात आले होते. परंतु पुराव्याअभावी त्याला सोडावे लागले. 1968मध्ये उपनगरांत पुन्हा तशाच पद्धतीने खून होऊ लागले. गुन्हे शाखेचे तत्कालीन पोलीस उपायुक्त आणि पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झालेले रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली.

27 ऑगस्ट 1968 रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून रमण राघवला ओळखले आणि त्याला ताब्यात घेण्यात आले. त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांच्या ठशांवरून त्याची ओळख पक्की झाली. सिंधी दलवाई या नावाखेरीज अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी तमिळ वळणाची नावेही तो वापरत असे.

अटकेनंतर बराच काळ त्याने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. शेवटी त्याला काय हवे आहे, याकडे पोलिसांनी लक्ष दिले. त्याने कोंबडीचे जेवण मागितले आणि ते त्याला देण्यात आले. त्यानंतर तो बोलू लागला. आपले हत्यार कोणते आणि हल्ला करण्याची पद्धत कोणती, याचे तपशीलवार निवेदन त्याने केले. प्रश्नांच्या भडिमाराने जे साधले नव्हते ते एका जेवणाने साधले.

कायद्याच्या दृष्टीने अशा जेवणाला प्रलोभन म्हणता येत नाही. ज्या प्रलोभनाने कबुली अग्राह्य ठरते ते खटल्याशी संबंधित असावे लागते. ‘कबूल केलेस तर शिक्षा कमी होईल’, ‘तुझ्या भावाला सोडून देऊ’ अशी आशा दाखवणे हे प्रलोभन ठरते. अन्न, पाणी, झोप आणि औषध या मात्र कोठडीतील व्यक्तीला मिळायलाच हव्या अशा गोष्टी आहेत.

विश्वास कसा निर्माण होतो

खुनाच्या संशयितासमोर बसणाऱ्या अधिकाऱ्याचे काम खोलीत शिरण्यापूर्वीच सुरू होते. घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, दूरध्वनीच्या नोंदी, साक्षीदारांचे जबाब आणि संशयिताची कौटुंबिक पार्श्वभूमी यांची माहिती असल्याशिवाय संभाषणाला दिशा मिळत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला प्रकरण ठाऊक आहे, हे संशयिताला लवकर कळते. ते ठाऊक नसल्यास तेही लवकर कळते.

आरंभ गुन्ह्यापासून केला जात नाही. गाव, काम, शिक्षण, घरातील माणसे, अटकेची खबर घरी पोहोचली की नाही, अशा विषयांवर बोलणे होते. संशयिताची मातृभाषा येणारा अधिकारी अशा वेळी उपयोगी पडतो. कामधंद्यासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला परक्या भाषेत प्रश्न विचारल्यास तो एकेका शब्दात उत्तरे देतो आणि दुभाष्याच्या हातून तपशील निसटतात. या प्राथमिक गप्पांतून अधिकाऱ्याला संशयिताची बोलण्याची नेहमीची रीतही कळते. पुढे ती कोठे बदलते, हे त्यामुळेच लक्षात येते.

त्यानंतर ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले ते सांगा’ असा मोकळा प्रश्न विचारला जातो. मध्ये न थांबवता ऐकून घेतल्यास माणूस अधिक बोलतो. खोटे बोलणाऱ्याला स्वतःचीच हकीकत पुढे सांभाळावी लागते. हाती असलेला पुरावा सुरुवातीलाच समोर टाकला, तर संशयित त्याला जुळणारी कथा रचतो. तो राखून ठेवला आणि संपूर्ण हकीकत नोंदवल्यावर एकेक बाब समोर ठेवली, तर विसंगती उघड होते. त्याचबरोबर संशयित निर्दोष असेल, तर त्याचे स्पष्टीकरण पुराव्याशी जुळते आणि तो लवकर मोकळा होतो. या पद्धतीचा हा दुसरा लाभ पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

निंदा टाळणे हाही या पद्धतीचा भाग आहे. खून करणाऱ्यांत अट्टल गुन्हेगारांबरोबर जमिनीच्या बांधावरून, संशयावरून किंवा दारूच्या नशेत हात उचललेली माणसेही असतात. ‘तू राक्षस आहेस’ असे ऐकल्यावर कोणी बोलत नाही. कृत्याचे समर्थन न करता त्यामागची परिस्थिती समजून घेण्याची तयारी दाखवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे माणूस मोकळा होतो. त्यासाठी अधिकारी दिलेला शब्द पाळणाराही असावा लागतो. आईला भेटू देऊ असे सांगून ती भेट घडवली नाही, तर पुढचे सर्व प्रश्न व्यर्थ ठरतात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलातील हान्स शार्फ या चौकशी अधिकाऱ्याने युद्धकैदी वैमानिकांशी मारहाणीविना, गप्पा मारत आणि फिरायला नेत माहिती मिळवली होती. युद्धानंतर त्याच्या पद्धतीचा अभ्यास अमेरिकेतही झाला. आपण काही महत्त्वाचे सांगितले, याची जाणीव अनेक कैद्यांना होत नसे.

आश्वासनाची सीमा

विश्वास संपादन करताना तपास अधिकारी काय देऊ शकत नाही, हेही कायद्याने ठरवले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 182नुसार पोलीस अधिकाऱ्याला प्रलोभन, धमकी किंवा आश्वासन देण्यास मनाई आहे. माफी देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. आरोपीने आपल्यासह सर्वांच्या सहभागाची संपूर्ण आणि खरी हकीकत सांगावी, या अटीवर माफी मिळते आणि तो माफीचा साक्षीदार होतो.

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात ही तरतूद निर्णायक ठरली. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा खून झाले. आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांच्यातील एका साथीदाराने न्यायालयात माफीचा साक्षीदार म्हणून साक्ष दिली. सप्टेंबर 1978मध्ये सत्र न्यायालयाने राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना फाशीची शिक्षा सुनावली. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात ती अमलात आली. माफीच्या साक्षीदाराची साक्षही स्वतंत्र पुराव्याने पडताळून घ्यावी लागते. गुन्ह्यातील साथीदाराच्या एकट्या शब्दावर विसंबण्यास न्यायालये सहसा तयार नसतात.

बोललेले सर्वच खरे नसते

बोलता झालेला संशयित खरेच बोलतो, असे मानणे हा चौकशीतील मोठा धोका आहे. रमण राघव प्रकरणाचा शेवट या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. 1969मध्ये सत्र न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. पोलीस शल्यचिकित्सकांनी तो मनोरुग्ण नसल्याचे मत दिले होते, तर बचाव पक्षातर्फे साक्ष देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला दीर्घकालीन स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली आणि त्याने अपीलही केले नाही. मात्र फाशी कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले. मंडळाने त्याला पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास तपासले आणि तो असाध्य मनोविकाराने ग्रस्त असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. 1995मध्ये पुण्यातील ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. चौकशीत मोकळेपणाने बोलणारा माणूस आपल्या बोलण्याचा अर्थ किती समजतो, हे तपासणे तपासाचाच भाग असल्याचे या प्रकरणाने दाखवले.

निर्दोष माणसेही कबुली देतात. ब्रिटनमधील गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅम येथील 1974च्या बॉम्बस्फोटांत दोषी ठरवलेल्यांची सुटका अनुक्रमे 1989 आणि 1991मध्ये झाली. तोपर्यंत त्यांनी सुमारे दीड दशक तुरुंगात काढले होते. दोन्ही खटल्यांत पोलिसांनी मिळवलेल्या कबुल्या मध्यवर्ती होत्या. त्यानंतर 1992मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘पीस’ ही चौकशीची नवी पद्धत लागू झाली. पूर्वतयारी, संवाद सुरू करून हेतू समजावणे, हकीकत ऐकणे, समारोप आणि मूल्यमापन असे तिचे पाच टप्पे आहेत. कबुली मिळवणे हा तिचा उद्देश नाही. अचूक आणि विश्वासार्ह माहिती मिळवणे हा आहे. नॉर्वेनेही खोट्या कबुलीच्या एका खून प्रकरणानंतर ब्रिटनच्या धर्तीवर पोलिसांचे प्रशिक्षण बदलले.

अमेरिकेत दीर्घकाळ रूढ असलेल्या ‘रीड’ पद्धतीत संशयित दोषी आहे असे गृहीत धरून त्याच्यावर मानसिक दबाव आणला जातो आणि सौम्य वाटणारी कारणे सुचवली जातात. तेथे डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जणांनी आधी खोटी कबुली वा स्वतःला गोवणारे निवेदन दिलेले आढळले आहे. अल्पवयीन, मतिमंद, आजारी किंवा झोपेविना ठेवलेली माणसे अशा दबावाला लवकर बळी पडतात. खोटा जिव्हाळा दाखवून वदवून घेतलेली कबुलीही मारहाणीतून मिळालेल्या कबुलीइतकीच घातक ठरू शकते.

चुकीची कबुली मिळाली की निर्दोष माणूस तुरुंगात जातो आणि खरा खुनी मोकळा राहतो. म्हणूनच हकीकतीतील प्रत्येक तपशील बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते. प्रसारमाध्यमांत आलेला किंवा अधिकाऱ्याच्याच प्रश्नातून संशयिताला कळलेला तपशील पडताळणीत गृहीत धरता येत नाही.

संरक्षक तरतुदी आणि वास्तव

अटकेपासून 24 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. 1978च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या प्रश्नांसमोरही मौनाचा अधिकार मान्य केला. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा अधिकार आहे. मात्र वकील संपूर्ण वेळ उपस्थित राहू शकत नाही. 1996च्या डी. के. बसू निवाड्याने अटकेची नोंद, नातेवाइकांना खबर आणि दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी यांचे निर्देश दिले. 2010मध्ये सेल्वी प्रकरणात संमतीविना नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदू चाचणी घटनाबाह्य ठरवण्यात आली. डिसेंबर 2020मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्व पोलीस ठाण्यांमध्ये, तसेच चौकशी करणाऱ्या यंत्रणांच्या कार्यालयांमध्ये ध्वनिमुद्रणासह सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. कबुली किंवा माहिती उकळण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120खाली गुन्हा असून गंभीर दुखापतीसाठी दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

तरतुदी आणि प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतर मात्र कायम आहे. जून 2020मध्ये तमिळनाडूतील तुत्तुकुडी जिल्ह्यात सात्तानकुलम येथे टाळेबंदीतील दुकानाच्या वेळेवरून ताब्यात घेतलेल्या पिता-पुत्राचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि केंद्रीय अन्वेषण विभागाने पोलिसांविरुद्ध खुनाचे आरोपपत्र दाखल केले. जून 2025मध्ये शिवगंगा जिल्ह्यात दागिन्यांच्या चोरीच्या संशयावरून चौकशीसाठी नेलेल्या मंदिराच्या सुरक्षारक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर पोलिसांना अटक झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. ही दोन्ही प्रकरणे खुनाच्या तपासाची नव्हती. चौकशीच्या पद्धतीमुळे पोलीसच खुनाचे आरोपी झाले.

1855च्या अहवालाने ज्या प्रदेशातील छळाची नोंद केली, त्याच प्रदेशात आज कुंभकोणमसारख्या शहरातील पोलीस ठाण्यालाही मुंबईच्या गुन्हे शाखेइतकेच हे नियम लागू आहेत. खुनाचा तपास न्यायालयात टिकतो तो संशयिताने सांगितलेली जागा, तेथे मिळालेले हत्यार, त्यावरील रक्त आणि पंचांची साक्ष यांची साखळी अखंड राहिली तर. या साखळीचा पहिला दुवा संशयिताच्या स्वेच्छेने बोलण्यात असतो. तो बळाने किंवा खोट्या आश्वासनाने जोडला, तर पुढचे सर्व दुवे न्यायालयात गळून पडण्याची शक्यता असते.